हात खाली येईपर्यंत

"भाऊजी, आधी हे बघा. जेवण नंतर."

वहिनींनी फोन माझ्या हातात कोंबला तेव्हा माझी पिशवी अजून खांद्यावरच होती. सांगलीहून उन्हाचा एसटीनं आलेला सख्खा काका, पुतणीचं लग्न दुसऱ्या दिवशी, मांडवात पाऊल टाकल्यावर निदान पाण्याचा तांब्या तरी मिळावा की नाही? पण वहिनींचा चेहरा बघितला आणि थट्टा ओठांतच राहिली.

"काय झालंय त्याला?"

"जागा संपली म्हणतोय. काही उघडतच नाही. आणि तो साउंडवाला सकाळपासनं येरझारा घालतोय, फाईल द्या, फाईल द्या. कुठनं देऊ?"

ती फाईल म्हणजे अण्णाची मंगलाष्टकं.

अण्णा माझा थोरला भाऊ, मुरलीधर. आम्ही कासार. तासगावच्या पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान, आणि ते अण्णानं चालवलं. कुणाचंही लग्न असो, चुडा भरायला अण्णाच. नवरीचा हात हातात घेऊन तो इतकं बोलायचा की बांगडी मनगटावर कधी चढली ते पोरीला कळायचंच नाही. तिचं माहेर, तिच्या मैत्रिणी, लहानपणी केलेले उद्योग, सगळं तिच्याकडून काढून घ्यायचा. आणि दुसऱ्या दिवशी माईकसमोर उभा राहून त्या सगळ्याची मंगलाष्टकं म्हणायचा. स्वतःची, नवीकोरी, त्या एका पोरीसाठी जुळवलेली. आवाज असा खणखणीत की मागच्या पंगतीतला आचारीसुद्धा झारा खाली ठेवून ऐकायचा.

म्हणताना उजवा हात वर धरायचा. 'सावधान' झालं की हात खाली. लोक मध्येच घाई करून अक्षता उधळतात याचा त्याला भारी राग होता, म्हणून त्यानंच गावाला ही सवय लावली. हात खाली येईपर्यंत तासगावात कुणी अक्षता टाकत नसे. आणि दुसरा नियम, मंगलाष्टकं उष्टी करायची नाहीत. एकीची दुसरीला वापरायची नाहीत आणि लग्नाआधी कुणाला ऐकवायचीही नाहीत. मी एकदा लहानपणी दाराआडून ऐकली तर माझा कान पिळला होता त्यानं.

मग त्याला घशाचा कॅन्सर झाला. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मिरजेच्या लॉजवर अण्णानं वहिनींना फोन धरायला लावला आणि रेवतीच्या लग्नाची मंगलाष्टकं भरून ठेवली. तेव्हा रेवतीचं लग्न ठरायचा पत्ता नव्हता. ती बंगळूरला नोकरीला होती. अण्णाचं एकच म्हणणं होतं की आपला आवाज गेला तरी पोरीच्या लग्नात तो वाजला पाहिजे. नंतर ती फाईल कुणी ऐकली नाही, कुणी कुणाला पाठवली नाही. उष्टी होतील ना! सगळ्या भावकीला मात्र माहीत होतं. पाहुणेमंडळी येतानाच विचारत होती, "उद्या मुरलीअण्णाचा आवाज ऐकायला मिळणार म्हणे?"

मी फोन घेऊन सोप्यात बसलो. समोरच अण्णाचा चुडा भरण्याचा कार्यक्रम चालला होता. श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्रावर पांढरा रुमाल, पुढ्यात हिरव्या बांगड्यांचे जुडगे, आणि एकेक बाई येऊन हात पुढे करत होती. आता बोलून गुंतवता येत नव्हतं, त्यामुळे बायका "आई गं" म्हणून हात मागे घेत होत्या. अण्णा कसंनुसं हसायचा आणि परत हात धरायचा.

मला बघून त्यानं शेजारची पाटी उचलली. लहान मुलांची असते ती, वरचा कागद उचलला की लिहिलेलं पुसणारी. ऑपरेशनपासून तीच त्याची जीभ होती.

'जेव आधी', त्यानं लिहिलं.

"वहिनी जेवू देतील तर ना! आधी फोन म्हणाल्या."

त्यानं कागद उचलला, पुसलं आणि पुन्हा लिहिलं. 'राहू दे फोन.'

"असं कसं राहू दे? साउंडवाला दारात बसलाय."

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. कागद उचलून पाटी बाजूला ठेवली आणि पुढच्या बाईचा हात धरला.

अण्णा-वहिनी दोघांत मिळून असलेल्या त्या एका फोनची अवस्था अगदी दीनवाणी होती. बोट लावलं की तो घटकाभर विचार करायचा, मग म्हणायचा, जागा नाही, काहीतरी काढा. वरवर बघितलं तर काढण्यासारखं काही नव्हतंच. फोटो मोजके, गाणी नाहीत. फक्त रेवतीचे व्हिडिओ होते, ओळीनं लावलेले.

त्या व्हिडिओंचं कारण मला ठाऊक होतं. अण्णाला फोनवर बोलता येत नाही, आणि नुसतं ऐकून घेणाऱ्या बापाशी बोलताना रेवतीला रडू यायचं. म्हणून ती रोज संध्याकाळी एक व्हिडिओ करून पाठवायची. बसमध्ये बसलेली, खोलीत भात टाकलेली, कधी पावसात भिजलेली. "बाबा, आज काय झालं माहितीय का," अशी सुरुवात. अण्णा तो दुकानात बसून बघायचा, गिऱ्हाईक आलं तरी संपेपर्यंत मान वर करायचा नाही.

पण तेवढ्यानं फोन भरणार नव्हता. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो, फोनचा तज्ज्ञ वगैरे नाही, पण एवढं ठाऊक होतं की फोनमध्ये वर दिसतं ते निराळं आणि आत दडलेलं निराळं. ज्या कप्प्यांच्या नावाआधी टिंब असतं ते तो दाखवतच नाही. 'लपवलेल्या फायली दाखवा' हा खटका दाबला की माळा उघडावा तसा सगळा पसारा समोर येतो.

मी खटका दाबला.

"अगं बाई," माझ्या खांद्यावरून बघत वहिनी म्हणाल्या, "हे सगळं कुठनं आलं? मी तर आलेलं लगेच पुसते."

"वरचं पुसता. आत त्याच्या प्रती पडून राहतात."

काय नव्हतं त्यात! सुप्रभातची फुलं, कुणाकुणाचे वाढदिवस, लोकांची स्टेटसं, पुसलेल्या फोटोंच्या बारीक बारीक नकला. आणि सगळ्यांत जास्त काय, तर वधू-वर मंडळं. रेवतीसाठी स्थळं बघताना वहिनी दिसेल त्या ग्रुपात शिरल्या होत्या. कोल्हापूर, सातारा, पुणे, बार्शी, साऱ्या महाराष्ट्रातली कासारांची पोरं टाय लावून आमच्या फोनमध्ये दडून बसली होती. निम्म्याहून अधिक फोन त्यांनीच खाल्ला होता.

"ह्यातला एकबी पसंत पडला नव्हता," वहिनी म्हणाल्या, आणि आम्ही दोघंही हसलो. त्या दिवसातलं ते आमचं शेवटचं हसणं.

मी एकेक कप्पा निवडून पुसत गेलो. फोन एकदम हलका झाला, बोटाबरोबर पळायला लागला. रेवती मेंदीचे हात सावरत आतून आली आणि माझ्याजवळ टेकली.

"मिळाली का काका?"

"आता काय, मिळालीच."

मी रेकॉर्डिंगचा कप्पा उघडला. त्यात काहीच नव्हतं. वाटलं, दुसरीकडे असेल. नावानं शोधलं, तारखेनं शोधलं, आवाजाच्या सगळ्या फायली लावून बघितल्या. पुसलेल्यांची टोपली बघितली, तीही रिकामी.

"वहिनी, तुम्ही काही काढलं होतं का कधी?"

"मी? देवाशपथ हात लावला नाही. ते म्हणालेले, लग्नापर्यंत हात लावायचा नाही. मी कशाला लावू?"

"रेवू, तू?"

"मी कधी हा फोन धरला काका? वर्षातनं दोनदा येते मी." तिचा आवाज चढला. "नीट बघा ना. असेल आत कुठेतरी. तुम्ही आत्ता पुसलं त्यात तर नाही गेली?"

"नाही गं. एकेक बघून पुसलंय."

"मग गेली कुठं?"

अण्णाच्या पुढ्यात जिचा हात होता ती बाई हळूच उठली. अण्णानं हातातली बांगडी जुडग्यात परत घातली, पाटी घेतली आणि लिहायला लागला. लिहिलेलं त्यानं रेवतीपुढे धरलं, पण तिच्याकडे बघितलं नाही.

'मी काढली.'

"काय?" वहिनी म्हणाल्या. "कधी? का?"

त्यानं कागद उचलला. पुन्हा लिहिलं. मोठ्या सावकाश अक्षरात, शाळेत लिहायचा तसं.

'गेल्या वर्षी. जागा नव्हती. रेवूचा व्हिडिओ येईना. फोन म्हणाला मोठी फाईल काढा. तुझे व्हिडिओ सोडून सगळ्यांत मोठी तीच.'

रेवती त्या पाटीकडे बघतच राहिली.

"माझा एखादा काढायचा ना बाबा," ती म्हणाली. "मी रोज पाठवत होते. कसल्या फालतू गोष्टी असायच्या त्यात. भात करपला, बस चुकली. त्यातला एक काढायचा!"

अण्णानं मान हलवली. पुसलं, लिहिलं.

'तुझं काढवेना. माझं मला पाठ आहे.'

वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि त्या भिंतीकडे वळल्या. माझा भाऊ वर्षभर हे मनात ठेवून होता. लग्न ठरलं, पत्रिका वाटल्या, लोक आवाज ऐकायला मिळणार म्हणून येऊन विचारत होते, आणि तो हसून मान डोलावत होता. पोरीच्या लग्नाचा आनंद नासू नये म्हणून बोलला नसेल, की बोलायचं धैर्य झालं नसेल, देव जाणे.

"लिहून द्या ना बाबा," रेवती म्हणाली. ती आता उघड रडत होती. "तुम्हाला पाठ आहेत ना? लिहून द्या. आत्या म्हणेल. कुणीही म्हणेल."

त्यानं लिहिलं, 'चाल लिहिता येत नाही.' मग पुसून, 'दुसऱ्यानं म्हटली तर ती उष्टी.' मग तेही पुसलं.

थोड्या वेळानं त्यानं माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली. पाटीवर लिहिलं होतं, 'किती जागा झाली?'

आता हे काय विचारतोय असं मला क्षणभर वाटलं. मग लक्षात आलं. तो विचारत होता की काढण्यासारखं दुसरं काही होतं का. फोनची निम्मी जागा रिकामी झाली होती. कोणाकोणाची सुप्रभातं आणि नापसंत पोरांचे फोटो यांच्यापायी त्यानं स्वतःचा आवाज पुसला होता. दोन्ही राहिलं असतं. रेवतीचा एकेक व्हिडिओ राहिला असता आणि त्याची मंगलाष्टकंही राहिली असती.

वहिनी बोलायला वळल्या. "अहो, केवढं तरी..."

"थोडीच झाली अण्णा," मी मध्येच म्हणालो. "अगदी थोडी. किरकोळ कचरा होता. मोठी फाईल काढल्याशिवाय काही झालं नसतं."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मग रेवतीकडे. रेवतीला कळलं.

"हो बाबा," ती म्हणाली. "थोडीच झाली."

अण्णानं मान हलवली, समाधानानं. मी जन्मात थोडंफार खोटं बोललो असेन, पण इतकं बिनदिक्कत कधी नाही, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

मी उगाच हाताला चाळा म्हणून राहिलेले कप्पे बघत होतो. एक रेकॉर्डिंगच्याच ॲपचा, टिंबवाला. आत एक कच्ची फाईल होती, विचित्र नावाची. रेकॉर्डिंग मध्येच तुटलं की अशी फाईल मागे राहते. ॲपमध्ये ती कधी दिसत नाही. तारीख बघितली. ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची होती.

"थांबा," मी म्हणालो. "एक आहे."

रेवती झेपावलीच. वहिनी जवळ आल्या. अण्णा जागेवरच होता, पण त्याचा हात गळ्याशी गेला.

मी फाईल लावली. आधी खरखर, पंख्याची घरघर. मग अण्णा बोलला.

"चालू झालं का गं?"

ऐकून वहिनींच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. त्या आवाजाशी बत्तीस-तेहतीस वर्षं संसार केला होता त्यांनी.

फोनमधल्या वहिनी म्हणाल्या, "काय की. लाल दिसंना काही."

"दाब की मग."

"दाबलं हो. एवढं जोरात किती दाबू? फुटंल."

अण्णा हसला. मोकळं, गडगडाटी, दुकानात हसायचा तसं. मग खाकरला, आणि हलकेच एक सूर लावला. शब्द नव्हते, नुसती चाल. अर्धी ओळ झाली असेल नसेल, तो थांबला.

"रत्ना," तो म्हणाला, आणि आवाज जरा खाली आला. "डॉक्टर म्हणतात ते म्हणू देत. हे आपलं उगं असावं म्हणून भरतोय. रेवूच्या लग्नात मी उभा राहूनच म्हणणार बघ. काय?"

"बरं, म्हणा."

"म्हणणार म्हणजे म्हणणार. चल, परत दाब. नीट दाब."

खट् झालं आणि फाईल संपली.

एक भाची माजघराच्या दारातून "मामी, दूध उतू गेलं" म्हणून ओरडत आली आणि आम्हाला बघून तशीच मागे फिरली. अण्णा फोनकडे टक लावून बघत होता. परत लाव अशी त्यानं बोटानं खूण केली. मी लावली. दुसऱ्यांदा तो हसायच्या जागी हसला, आवाज न येता, आणि मग त्याचा चेहरा मोडला. माझा भाऊ रडतो तेव्हाही आवाज येत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

रेवती त्याच्यापुढे जाऊन बसली आणि मेंदीचे दोन्ही हात तिनं पुढे केले.

"भरा बाबा चुडा."

त्यानं डोळे पुसले आणि तिचा हात धरला. ती एकदाही आई गं म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. साउंडवाल्याला मी सांगून टाकलं होतं की फाईल नाही. ती कच्ची फाईल लावू का असं रेवतीनं विचारलं होतं, पण अण्णानं हातानंच नको म्हटलं. ती घरातली होती.

अंतरपाट धरला. गुरुजींनी म्हटली, मग मुलाकडच्या एका मावशीनं वहीत बघून म्हटली. आणि गुरुजी थांबले. गावच्या सवयीप्रमाणे आता अण्णाची पाळी. लोक स्पीकरकडे बघायला लागले.

अण्णा माझ्या शेजारून उठला. मला वाटलं, बाहेर चालला. मी दंड धरायला गेलो तर त्यानं सोडवून घेतला. सरळ चौरंगापाशी गेला, रुमाल नीट केला, माईकसमोर उभा राहिला आणि उजवा हात वर केला.

त्याचे ओठ हलायला लागले.

माईकमधून येत होता तो फक्त रुमालाआडचा श्वास. ओळीला एक श्वास, मध्ये ठहराव, परत एक श्वास. चाल ओळखू येत होती. काल ऐकलेली अर्धी ओळ मला त्यात सापडली आणि मग पुढचं हरवलं. मुलाकडची दोन पोरं खुसपुसली. कुणीतरी त्यांना दटावलं. आमच्याकडच्या बायका, ज्यांच्या लग्नात तो म्हणाला होता, त्या मुठीत अक्षता धरून त्या वर केलेल्या हाताकडे बघत उभ्या होत्या.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. "मुहूर्त..." ते वहिनींच्या कानाशी पुटपुटले.

"थांबा," वहिनी म्हणाल्या.

बऱ्याच वेळानं ओठ थांबले. श्वासही निवला. मंगलाष्टकं संपली होती, हे सगळ्यांना कळलं. पण हात खाली येईना. अण्णा रेवतीकडे बघत होता आणि हात तसाच वर होता. एवढ्या पोरी त्यानं या हातानं वाटेला लावल्या होत्या, पण आता तो हात त्याचं ऐकत नव्हता. कार्यालयात एवढी माणसं, पण एकानंही अक्षता टाकल्या नाहीत.

रेवतीनं अंतरपाटाआडून मान कलती केली. कपाळाला मुंडावळ्या, हातात माळ, आणि त्यानंच भरलेला चुडा.

"बाबा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "ऐकली मी सगळी."

तेव्हा अण्णाचा हात खाली आला, आणि मग आम्ही अक्षता टाकल्या.